तीन भूकंपालेखांवरून अपिकेंद्र काढताना : क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

तीन नोंद-केंद्रांच्या भूकंपालेखांवरून (जमिनीच्या हालचालीच्या नोंदींवरून) प्रत्येक केंद्रापासून भूकंपाचे अंतर काढायचे, तेवढ्या त्रिज्येची वर्तुळे नकाशावर काढायची, आणि ती जिथे मिळतात ते अपिकेंद्र, म्हणजे भूकंप जिथे सुरू झाला त्याच्या बरोबर वरचा जमिनीवरचा बिंदू. या प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वर्तुळे सुबक काढलेली असतात, नावे नीट लिहिलेली असतात, उत्तर मात्र पंचवीस-तीस किलोमीटरने चुकलेले असते. चूक कर्कटकाची नसते. ती त्याआधीच, आलेखावर एस लहर (आधी पोहोचणाऱ्या वेगवान पी लहरीच्या मागून येणारी संथ लहर) कुठे सुरू झाली हे ठरवताना झालेली असते. पुढची प्रत्येक पायरी ती चूक मुकाट्याने पुढे नेते, आणि शेवटी वर्तुळे जुळली नाहीत की विद्यार्थी वर्तुळच थोडे मोठे करून मोकळा होतो. कृपा करून असे करू नका. न जुळणारी वर्तुळे तुम्हाला काहीतरी सांगत असतात.

म्हणून इथे महत्त्वाच्या टप्प्यांनंतर एक तपासणी दिली आहे. ती जुळल्याशिवाय पुढे जायचे नाही.

आधी तयारी

टेबलावर हे हवे : तिन्ही केंद्रांचे भूकंपालेख, प्रमाण दिलेला नकाशा, आलेख कागद, कर्कटक, मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट असलेली पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल. पेन वापरू नका, कारण पहिली खूण बहुतेक वेळा बदलावी लागते.

नकाशाची एक गोष्ट आधीच पाहून घ्या. झेरॉक्स काढताना किंवा संगणकावरून छापताना नकाशा लहान-मोठा होतो. त्यावर छापलेले ‘१ : २०,००,०००’ तसेच राहते, पण ते आता खोटे असते. खरे राहते ते रेषा-प्रमाण (किलोमीटरच्या खुणा असलेली छापील रेघ), कारण नकाशाबरोबर तेही तेवढेच आकसते. पट्टी रेषा-प्रमाणावर ठेवून १०० किलोमीटरला किती सेंटिमीटर भरतात ते मोजा आणि तोच आकडा वापरा. नकाशावर रेषा-प्रमाण नसेल तर अक्षवृत्तांवरून काढा : उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. पूर्व-पश्चिम अंश त्यासाठी घेऊ नका. तो आपल्या अक्षांशावर १०६ किलोमीटरच्या आसपास भरतो आणि उत्तरेकडे कमी होत जातो.

सरावासाठी मी कोयना परिसरातला एक भूकंप घेतला आहे. आकडे मुद्दाम तयार केलेले आहेत, प्रत्यक्ष नोंद नाही. केंद्रे तीन :

रत्नागिरी : पी ०८:४०:१०.९, एस ०८:४०:१८.७ (यूटीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ)
कोल्हापूर : पी ०८:४०:१५.७, एस ०८:४०:२६.९ (यूटीसी)
पुणे : पी १४:१०:२१.०, एस १४:१०:३६.० (भारतीय प्रमाणवेळ)

टप्पा १ : सगळ्या वेळा एका घड्याळावर आणा

भारतीय प्रमाणवेळ यूटीसीपेक्षा ५ तास ३० मिनिटांनी पुढे आहे. पुण्याच्या वेळांतून तेवढे वजा केले की पी ०८:४०:२१.० आणि एस ०८:४०:३६.० मिळते. साधे वाटते, पण परीक्षेत इथेच गोंधळ होतो, विशेषतः भूकंप पहाटेचा असेल तर.

कोयनेचा मोठा भूकंप आपल्या घड्याळाने ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. यूटीसीत तीच वेळ १० डिसेंबर, २२:५१ अशी येते. किल्लारीचेही तसेच : आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आंतरराष्ट्रीय यादीत २९ सप्टेंबर. दोन तारखा पाहून हे दोन वेगळे भूकंप समजणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. पहाटे साडेपाचच्या आधीची वेळ वजा करताना तारीखही एक दिवस मागे न्या.

तपासणी : तिन्ही केंद्रांच्या पी वेळा एकमेकींपासून काही सेकंदांच्या अंतरात आल्या का? एखादी तासांनी लांब असेल तर रूपांतर राहिले आहे.

टप्पा २ : पी आणि एस ओळखा

या टप्प्याला अर्धा वेळ द्या. बाकीचे सगळे याच्यावर उभे आहे.

भूकंपालेखावर भूकंपाच्या आधीही रेघ सरळ नसते. वाऱ्याची, रहदारीची, समुद्राच्या लाटांची बारीक थरथर सतत चालू असते. आधी या थरथरीची उंची डोळ्यांत भरून घ्या. तिच्यातून रेघ पहिल्यांदा ठळकपणे वर किंवा खाली जाते, तिथे पी लहर आली. खूण त्या वळणाच्या *सुरुवातीला* करायची, शिखरावर नव्हे. शिखरावर खूण करणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, आणि ती लक्षात येत नाही कारण शिखर डोळ्यांना आधी दिसते.

लहरी जमिनीखालून येत असल्यामुळे पी लहर उभ्या हालचालीच्या नोंदीत सर्वांत स्पष्ट दिसते. एस लहर मात्र आडव्या नोंदींत शोधा, म्हणजे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. तिन्ही नोंदी दिल्या असताना फक्त उभी नोंद पाहून एस ठरवणे म्हणजे हातातला पुरावा बाजूला ठेवणे.

एस अवघड का, तेही समजून घ्या. पी शांत पार्श्वभूमीवर येते. एस येते तेव्हा पी लहरींची शेपटी अजून थरथरत असते, त्यामुळे तिची सुरुवात त्या गोंगाटात मिसळते. तिला ओळखायच्या दोन खुणा : रेघेची उंची एकदम वाढते आणि लाटा रुंद होतात, म्हणजे एका हेलकाव्याला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो. दोन्ही खुणा एकत्र दिसतील तिथे थांबा, मग तिथून थोडे *मागे* सरका आणि बदल नेमका कुठे सुरू झाला ते पाहा.

सावधान : आलेखावरचा सर्वांत मोठा हेलकावा म्हणजे एस नव्हे. दूरच्या उथळ भूकंपात सर्वांत मोठ्या लाटा बहुधा भूपृष्ठ लहरींच्या असतात आणि त्या एसच्याही नंतर येतात. ‘मोठी दिसली ती एस’ असे धरले की अंतर फुगते.

आणखी एक सवय लावून घ्या. एकच वेळ न लिहिता ‘लवकरात लवकर’ आणि ‘उशिरात उशिरा’ अशा दोन वेळा लिहा. त्यांच्यात किती फरक पडतो, तीच तुमच्या उत्तराची अनिश्चितता. एसमध्ये अर्ध्या सेकंदाची शंका असेल तर अंतरात सुमारे ४ किलोमीटरची शंका आहे. हे लपवायचे नसते, लिहायचे असते.

तपासणी : जे केंद्र लांब, तिथे पी उशिरा आणि एस–पी फरकही मोठा. आपल्या उदाहरणात क्रम रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे असा आहे, आणि दोन्ही रकान्यांत तोच आहे. दोन रकान्यांतला क्रम वेगळा निघाला तर एखादी खूण चुकली आहे.

टप्पा ३ : फरकावरून अंतर

फरक असे : रत्नागिरी ७.८ सेकंद, कोल्हापूर ११.२, पुणे १५.०.

आता इथे बरेच जण फरकाला पी लहरीच्या वेगाने गुणतात. १५ × ६ = ९० किलोमीटर. हे चूक आहे, आणि का चूक आहे ते कळले की सूत्र पाठ करायची गरज उरत नाही. कवचात पी लहर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जाते, एस सुमारे ३.५. एक किलोमीटर कापायला पीला ०.१६७ सेकंद लागतात आणि एसला ०.२८६. म्हणजे दर किलोमीटरला एस ०.११९ सेकंद मागे पडते. ती पूर्ण एक सेकंद मागे पडायला दोघींना ८.४ किलोमीटर जावे लागते. तोच आपला गुणक. सूत्रात मांडले तर दोन वेगांचा गुणाकार भागिले त्यांचा फरक : २१ ÷ २.५ = ८.४.

रत्नागिरी : ७.८ × ८.४ = ६५.५ किलोमीटर
कोल्हापूर : ११.२ × ८.४ = ९४.१ किलोमीटर
पुणे : १५.० × ८.४ = १२६ किलोमीटर

या टप्प्यावर घड्याळाची चूक आड येत नाही. पुण्याचे घड्याळ दोन मिनिटे पुढे असते, तरी पी आणि एस दोन्ही तेवढ्याच पुढे गेल्या असत्या आणि फरक १५ सेकंदच राहिला असता. टप्पा ६ मध्ये याचा उपयोग होईल.

सावधान : ८.४ हा गुणक जवळच्या भूकंपांपुरता आहे. अंतर साधारण २०० किलोमीटरच्या पुढे गेले की कवचाखालच्या प्रावरणातून वेगाने आलेली लहर आधी पोहोचते आणि हे गणित बिघडते. तिथे प्रवासकाल-वक्र (किती अंतराला पी आणि एसला किती वेळ लागतो ते दाखवणारा आलेख) वापरायचा. त्याची रीत अशी : कागदाची पट्टी आलेखाच्या उभ्या अक्षाला लावून तिच्यावर एस–पी फरकाच्या दोन खुणा करून घ्या. मग ती पट्टी पी आणि एस वक्रांमध्ये सरकवत न्या. खालची खूण पी वक्रावर आणि वरची एस वक्रावर एकाच वेळी टेकली की खाली आडव्या अक्षावर अंतर वाचा. पट्टी अगदी उभी हवी, तिरकी झाली की वाचन गेले. आणि ५ मिनिटे ४० सेकंद म्हणजे ५.४० मिनिटे नव्हेत, ५.६७ मिनिटे. हा फरक साधारण ४,००० किलोमीटर अंतराशी जुळतो, तेव्हा वक्र वाचायची सवय आहे का हे पाहायला तो बरा आहे.

मधली मोठी तपासणी : वादाती आलेख

जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियो वादाती यांच्या नावाचा हा आलेख काढायला पाच मिनिटे लागतात, आणि तो बहुतेक वह्यांत नसतो याचे मला खरोखर वाईट वाटते. कर्कटक हातात घेण्याआधी चूक पकडणारे याहून सोपे साधन नाही.

आडव्या अक्षावर पी येण्याची वेळ, उभ्या अक्षावर एस–पी फरक. आपले तीन बिंदू : (१०.९, ७.८), (१५.७, ११.२), (२१.०, १५.०). ते एका सरळ रेषेत यायला हवेत. तिचा चढ काढा : (१५.० − ७.८) ÷ (२१.० − १०.९) = ०.७१. हा चढ म्हणजे दोन वेगांच्या गुणोत्तरातून १ वजा. ६ ÷ ३.५ = १.७१, तेव्हा जुळले. कवचाच्या खडकांत हे गुणोत्तर सहसा १.७ ते १.८ च्या आसपास असते. तुमचा चढ ०.५ किंवा १.१ येत असेल तर खडकाला दोष देऊ नका, आपल्या खुणा पुन्हा पाहा.

समजा कोल्हापूरला तुम्ही खऱ्या एसऐवजी तीन सेकंद नंतरचा मोठा हेलकावा धरला. फरक १४.२ सेकंद होतो, अंतर ११९ किलोमीटर, म्हणजे वर्तुळ २५ किलोमीटरने फुगलेले. वादाती आलेखावर तो बिंदू रेषेच्या वर स्पष्ट उडालेला दिसेल. टप्पा २ वर परत जा आणि फक्त त्या केंद्राची एस पुन्हा शोधा. बाकीच्या दोघांना हात लावू नका.

टप्पा ४ : वर्तुळे

१ सेंटिमीटरला १० किलोमीटर प्रमाणाचा नकाशा असेल तर पुण्याची त्रिज्या १२.६ सेंटिमीटर भरते. नेहमीच्या कर्कटकाचे पाय तेवढे फाकले की टोक सरकते आणि वर्तुळ मिटत नाही. १ सेंटिमीटरला २० किलोमीटरचा नकाशा घ्या : पुणे ६.३, कोल्हापूर ४.७, रत्नागिरी ३.३ सेंटिमीटर.

कर्कटकाचे टोक केंद्राच्या बिंदूवर ठेवा, शहराच्या नावावर नको. वाचायला विचित्र वाटेल, पण नकाशावर नाव बिंदूच्या उजवीकडे छापलेले असते आणि घाईत टोक अक्षरांवर पडते.

वर्तुळे पूर्ण काढा. ‘इथेच छेदतील’ असे मानून छोटा कंस काढला की दुसरा छेदनबिंदू दिसतच नाही. पुणे आणि कोल्हापूर ही दोनच वर्तुळे काढून पाहा : ती कोयनेजवळ छेदतात आणि दुसऱ्यांदा पूर्वेला वडूजच्या बाजूला. दोन केंद्रांच्या माहितीनुसार दोन्ही ठिकाणे सारखीच शक्य आहेत. निवाडा रत्नागिरी करते, कारण वडूजची बाजू तिथून सुमारे १३० किलोमीटर आहे आणि आपल्याकडे आले आहेत ६५.५.

यातून केंद्रे निवडण्याचाही नियम निघतो. तिन्ही केंद्रे जवळपास एका रेषेत असतील तर तिसरे वर्तुळ निवाडा करत नाही. भूकंपाच्या भोवती पसरलेली केंद्रे घ्या.

सावधान : हजारो किलोमीटर अंतरासाठी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर कर्कटक चालवू नका. गोल पृथ्वीवरचे वर्तुळ त्या सपाट नकाशावर वर्तुळ राहत नाही. तिथे पृथ्वीगोल आणि दोरा वापरा.

टप्पा ५ : बिंदू ठरवा

तिन्ही वर्तुळे एका बिंदूत मिळतील अशी अपेक्षा धरू नका. नीट काम केले तर एक छोटा त्रिकोण उरतो. त्याच्या ‘मधोमध’ अंदाजाने टिंब देण्यापेक्षा ही पद्धत वापरा : प्रत्येक दोन वर्तुळे जिथे जिथे छेदतात ते दोन बिंदू सरळ रेषेने जोडा. अशा तीन जीवा काढल्या की त्या एका बिंदूत मिळतात. तेच अपिकेंद्र. टप्पा ४ मध्ये वर्तुळे पूर्ण काढायला सांगितली ती यासाठीसुद्धा.

जुळत नसेल तर काय झाले आहे ते आकार सांगतो. एक वर्तुळ बाकीच्या दोघांपर्यंत पोहोचतच नसेल तर त्या केंद्राची पी उशिरा किंवा एस लवकर धरली आहे. तिन्ही वर्तुळे एकमेकांत खोल घुसली असतील तर गुणक मोठा घेतला आहे, नाहीतर भूकंपनाभी (जमिनीखाली भूकंप सुरू होतो ती जागा) खरोखर खोल आहे. कारण आपण काढलेले अंतर नाभीपर्यंतचे तिरके अंतर असते, जमिनीवरचे नव्हे.

यावरून खोलीही काढता येते : तिरक्या अंतराच्या वर्गातून जमिनीवरच्या अंतराचा वर्ग वजा करा आणि वर्गमूळ घ्या. पण उथळ भूकंपात या उत्तरावर विसंबू नका. रत्नागिरीपासून ६५ किलोमीटर मोजले तर खोली ८ किलोमीटर येते, ६४.५ मोजले तर ११ च्या पुढे जाते. नकाशावर हा अर्धा किलोमीटर म्हणजे पाव मिलिमीटर, पेन्सिलीच्या रेघेपेक्षाही कमी. अशा वेळी ‘उथळ’ एवढेच लिहा.

टप्पा ६ : भूकंपाची मूळ वेळ

पी येण्याच्या वेळेतून तिच्या प्रवासाची वेळ वजा करा. पुणे : १२६ ÷ ६ = २१ सेकंद, म्हणून मूळ वेळ ०८:४०:००. कोल्हापूर आणि रत्नागिरीवरूनही तीच येते का ते स्वतः काढून पाहा. वादाती आलेखाची रेषा खाली वाढवली की ती आडव्या अक्षाला जिथे छेदते तीही हीच वेळ.

तपासणी : तिन्ही उत्तरे साधारण एका सेकंदात जुळावीत. एका केंद्राचे वर्तुळ अचूक बसते आणि मूळ वेळ मात्र चुकते, असे झाले तर त्या केंद्राचे घड्याळ चुकले आहे किंवा टप्पा १ मधले रूपांतर. एस–पी फरक घड्याळावर अवलंबून नसतो हे आठवा, म्हणजे दोष कुठे शोधायचा ते कळेल.

उत्तर लिहिताना कोणत्या घड्याळाची वेळ ते लिहाच : ०८:४०:०० यूटीसी, म्हणजे दुपारी २:१० भारतीय प्रमाणवेळ.

टप्पा ७ : प्लेटबद्दल निष्कर्ष

अपिकेंद्र अचूक काढूनही इथे गुण जातात. ‘भूकंप झाला, म्हणून इथे दोन प्लेटांची सीमा आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा खोडले आहे की ते वेगळे सांगायलाच हवे. एका भूकंपावरून सीमा ठरत नाही. परिसरातल्या अनेक भूकंपांचे बिंदू मांडा आणि या क्रमाने पाहा.

आधी बिंदूंची मांडणी : ते एका लांब पट्ट्यात आहेत की विखुरलेले? मग खोली. एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाताना नाभी खोल खोल होत गेल्या तर एक प्लेट दुसरीखाली जात आहे. सुमात्रा-अंदमान पट्ट्यात असे दिसते. सगळ्या उथळ आणि समुद्रतळावरच्या डोंगररांगेवर असतील तर प्लेटा दूर जात आहेत किंवा एकमेकींना घासत सरकत आहेत. ज्वालामुखी शेवटी पाहा. अंदमानातले बॅरन बेट हा भारतातला जागृत ज्वालामुखी त्या खाली जाणाऱ्या प्लेटमुळेच आहे. पण हिमालयात प्लेटा धडकत असूनही ज्वालामुखींची रांग नाही, कारण तिथे दोन्ही बाजूंना खंडीय कवच आहे. ‘ज्वालामुखी नाही म्हणजे सीमा नाही’ हेही त्यामुळे चूक.

कोयनेला यांतले काहीच लागू होत नाही. सर्वांत जवळची प्लेट-सीमा हजार किलोमीटरहून दूर आहे. काळा बेसाल्ट पाहून ‘ज्वालामुखीचा भूकंप’ असे लिहिणारेही भेटतात. तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. भूकंप होतात ते बहुतांशी त्याच्याखालच्या जुन्या कठीण खडकातल्या भेगांवर. ताण भारतीय प्लेट उत्तरेकडे रेटली जात असल्याने आधीच साठलेला आहे, आणि १९६२ पासून भरू लागलेल्या जलाशयाचे वजन व भेगांत मुरणारे पाणी यांनी त्याला वाट करून दिली.

वहीत निष्कर्ष असा लिहिता येईल : ‘अपिकेंद्र कोयना परिसरात, सुमारे १७.४ अंश उत्तर, ७३.७५ अंश पूर्व. अनिश्चितता सुमारे ५ किलोमीटर. नाभी उथळ. ठिकाण प्लेटच्या आतले, सीमेवरचे नाही.’